नेल्सोचे पट्टे

नेल्सो जियाकोसा लोकांच्या शेतात खत फेकतो. पसरतो असं मी लिहिणार नाही. पसरायचं तर आपण काय टाकतो आहोत आणि ते कुठे पडतं आहे, याची थोडी तरी चाड लागते. फेकायला नुसता ट्रॅक्टर पुरतो.

अर्जेंटिनातल्या आमच्या कोलोनिया सान देलफिनो गावात त्याच्या यंत्राइतकं चकचकीत यंत्र दुसरं नाही. लालभडक टाकी, मागे दोन फिरत्या चकत्या. शनिवारी संध्याकाळी तो ते क्लबासमोर आणून उभं करतो आणि काम असो नसो, फडक्यानं पुसत बसतो. घरातला नळ गळून गळून एलिदाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, मोरीत शेवाळ धरलं आहे. तिकडे पाहायला त्याला सवड नाही. यंत्राच्या चाकांना मात्र बुटाचं काळं पॉलिश. कपाळावर काळा चष्मा असतो. तो कपाळावरच असतो, डोळ्यांवर आलेला मी तरी पाहिलेला नाही.

त्याच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. "माझं यंत्र छत्तीस मीटर फेकतं." बारशाला म्हणतो, लग्नात म्हणतो. सख्ख्या मामाच्या मयतीला आलेल्या लोकांनाही शवपेटीशेजारी उभं राहून त्यानं हे सांगितलं होतं, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या, कारण मयतीत माणूस कशालाही मान डोलावतो.

यंत्र छत्तीस मीटर फेकतं हे खरंच आहे. पण ते मधोमध दाट फेकतं आणि कडेला विरळ होत जातं. म्हणून जाणता माणूस एका फेरीची कड दुसऱ्या फेरीच्या कडेवर चढवतो, म्हणजे दोन विरळ मिळून एक दाट होतं. त्यातही युरिया दरवेळी सारखा नसतो. टपोरा दाणा लांब उडतो, भुगा जागीच पडतो. तेव्हा आधी शेतात आडव्या रांगेनं पराती मांडायच्या, वरून एक फेरी मारायची, कुठल्या परातीत किती पडलं ते पाहायचं आणि मग दोन फेऱ्यांमधलं अंतर ठरवायचं. दुपारच्या जेवणाआधी उरकतं असं काम. नेल्सोच्या मते कड चढवणं म्हणजे डिझेल जाळणं आणि पराती मांडणं म्हणजे जियाकोसा घराण्याचा अपमान.

क्लेलियाच्या शेतात त्यानं जे केलं, ते तिथूनच निघालं.

क्लेलिया आमची शेजारीण. तिचा नवरा एल्मो गेला तेव्हा रस्त्याला लागून असलेलं शेत तिच्या आणि दोन मुलींच्या नावावर झालं. मारिसा आणि यानिना दोघी रोसारिओला असतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आई, तू आता थकलीस, शेत पेरणी कंपनीला देऊन टाक, ते खंड देतील, तू आमच्याकडे ये. वाईट मुली नव्हेत त्या. पण क्लेलियाला ते शेत सोडायचं नव्हतं. रोसारिओत सातव्या मजल्यावर बसून मी काय करू, गच्चीतल्या कुंड्यांना खत घालू का, असं ती मला म्हणाली होती. शेवटी मायलेकींत ठरलं की एक गहू क्लेलियानं आपल्या हिमतीवर काढायचा. नोव्हेंबरात मुली येऊन पीक बघतील. चांगलं असलं तर शेत तिच्याकडे, नाही तर कंपनीकडे.

पेरणी देखणी झाली. पुढे युरिया द्यायची वेळ आली आणि प्रश्न आला तो माणसाचा. नेल्सो एल्मोचा चुलतभाऊ. आमच्याकडे घरात यंत्रवाला असताना बाहेरचा बोलावला, तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद होतं. तेव्हा दुसऱ्याला बोलावणं क्लेलियाच्या हातात नव्हतंच. पराती मांडणं तिच्या हातात होतं.

ऑगस्टातल्या त्या सकाळी तिनं माझ्याकडचे आणि तिच्याकडचे भट्टीत भाजायचे सगळे पत्रे परातींऐवजी गोळा केले आणि आम्ही दोघी ते शेतात रांगेनं मांडत होतो. नेल्सो आला. उतरला नाही. वरूनच त्यानं विचारलं, आज काय, शेतात पिझ्झा भाजायचा आहे का.

"भाऊजी, एक फेरी यावरून मारा," क्लेलिया म्हणाली. "कुठे किती पडतं ते बघू, मग तुमच्या मनासारखं करा."

"वहिनी, तराजू वाण्याकडे असतो. माझ्याकडे हात आहे." त्यानं हात वर करून दाखवला, जणू आम्ही तो कधी पाहिलाच नव्हता. "माझ्या आजोबांनी टोपलीतून खत फेकलं, त्यांनी कुठे पराती मांडल्या? स्वयंपाकघरातलं मोजमाप शेतात आणू नका. ते उचला, नाही तर चाकाखाली येतील."

त्याचे आजोबा टोपली घेऊन पायी चालत, दर पावलाला एक मूठ टाकत, आणि त्यांचं शेत टेबलावरच्या चादरीसारखं एकसारखं दिसे असं माझी सासू सांगायची. नातवानं आजोबांचं फक्त आडनाव घेतलं.

आम्ही पत्रे उचलले. त्यानं युरियाची मोठी पिशवी ओतायला घेतली तेव्हा मी पाहिलं, तिचं तोंड आधीपासूनच उघडं होतं. त्याच्या अंगणात ती तशीच दवात पडून होती, हे एलिदानं नंतर सांगितलं. युरिया ओल धरतो, वाळला की त्याचा भुगा होतो. अर्धी पिशवी भुगाच होती. तो भुगा टाकीत गेला, बाजूनं वारा सुटलेला होता, आणि नेल्सोनं आपल्या लाडक्या छत्तीस मीटरांच्या अंतरानं, कुठेही कड न चढवता, शेत उरकलं. मग क्लेलियाकडच्या वांगी घातलेल्या शेवया दोन ताटं भरून जेवला आणि मीठ कमी आहे म्हणाला.

सप्टेंबरात पट्टे उठले. चाकोरीच्या दोन्ही बाजूंना गडद हिरवा, मग कावीळ झाल्यासारखा पिवळा, मग परत हिरवा. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आमच्या गावाला रविवारी एक काम असतं. जेवणं झाली, थोडं लवंडून झालं की घरोघरचे लोक गाडीत बसतात, येर्बाच्या कडू चहासाठी गरम पाण्याचा थर्मास सोबत घेतात आणि बैलगाडीच्या वेगानं कच्च्या रस्त्यानं दुसऱ्यांची शेतं बघत हिंडतात. कोणाचं तण वाढलंय, कोणाची पेर फसलीय. तोंडानं "छान आहे, छान आहे" म्हणायचं आणि घरी येऊन जे म्हणायचं ते म्हणायचं. क्लेलियाचं शेत रस्त्यालगत. त्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागली. क्लबात त्या शेताला "नेल्सोचा पायजमा" हे नाव संध्याकाळच्या आत पडलं होतं.

नेल्सोकडे कारणांना तोटा नव्हता. जमीनच पट्ट्यापट्ट्यांची आहे. बियाणं भेसळीचं होतं. एल्मोनं पूर्वी नांगरट वाकडी केली होती. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, हे नेल्सोला चांगलं ठाऊक आहे. त्याचे बहुतेक वाद मेलेल्यांशीच असतात.

अजून वेळ होता. पिवळ्या पट्ट्यांवरून, म्हणजे दोन जुन्या चाकोऱ्यांच्या बरोबर मधून, एक फेरी मारली असती तर गहू सावरला असता. क्लेलियानं त्याला घरी बोलावून, गोड बोलून हेच सांगितलं. तो म्हणाला, काही गरज नाही, गहू आपोआप एकसारखा होतो. मुलं कशी, आधी कमीजास्त वाढतात आणि मग सारखी होतात. त्याच्या स्वतःच्या मुलांची मला तिथेच आठवण झाली.

मनात मात्र तो चरकला असणार. कारण पंधरा दिवसांनी, सगळं गाव वामकुक्षी घेत असताना, मला ट्रॅक्टरचा आवाज आला. त्या वेळी आमच्याकडे कुत्रंही भुंकत नाही. माझे यजमान आदेमार आत घोरत होते. मला दुपारची झोप येत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर लाल टाकी क्लेलियाच्या शेतात. म्हटलं चला, देवानं बुद्धी दिली. मग नीट पाहिलं, आणि हातातलं भांडं मी तसंच खाली ठेवलं.

तो जुन्याच चाकोऱ्यांवरून चालला होता.

मधून गेला असता तर उभ्या गव्हात चाकांच्या नव्या खुणा उमटल्या असत्या. रविवारी अख्ख्या गावानं त्या पाहिल्या असत्या आणि नेल्सोला दुसऱ्यांदा यावं लागलं, म्हणजे पहिल्यांदा चुकलं, हे उघड झालं असतं. तेव्हा खूण राहू नये म्हणून हा शहाणा आपल्या जुन्याच वाटेनं, आपल्या जुन्याच भुग्यासकट गेला. जे हिरवं होतं त्याला पुन्हा वाढलं. जे उपाशी होतं त्याच्या ताटात दुसऱ्यांदाही काही पडलं नाही.

मी लगेच जाऊन क्लेलियाला सांगितलं. आम्ही दोघी शेतात गेलो. चाकोऱ्यांच्या कडेला पांढरा भुगा पडलेला होता, पिवळ्यात एक दाणा नाही. क्लेलिया तिथेच खाली बसली. मातीवर, फतकल मारून. आता तरी बाहेरचा कोणी आणू असं मी म्हटलं, पण एव्हाना गव्हानं कांडी धरली होती. पुन्हा यंत्र घालणं म्हणजे होतं ते चिरडणं.

मी म्हटलं, निदान मुलींना मी सांगते काय झालं ते.

"तू सांगशील तर ती शेजारणीची चुगली होईल," ती म्हणाली. "मी सांगितलं तर म्हातारीचं निमित्त. थांब. हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नाही."

ऑक्टोबरच्या शेवटी दक्षिणेकडचा वारा सुटला, पाम्पेरो. दुप्पट खत खाऊन हिरवे पट्टे उंच आणि पोचट झालेले होते. ते एका झटक्यात आडवे झाले. पिवळे तेवढे उभे राहिले, खुरटे, बारीक ओंब्यांचे. पायजम्याला आता इस्त्रीच्या घड्याही पडल्या.

मुली ठरल्याप्रमाणे आल्या. क्लेलियानं मला मदतीला बोलावलं होतं आणि नेल्सोला, एलिदाला जेवायला. मारिसानं शेत येतानाच पाहिलं होतं. ती आईशी फार मऊ बोलत होती, आजाऱ्याशी बोलतात तसं, आणि मला तेच वाईट लक्षण वाटलं. पर्सबरोबर ती कंपनीच्या माणसाचा नंबरही घेऊन आली होती. जेवणं होता होता तिनं विषय काढला. आई, तू प्रयत्न केलास ना, झालं तर मग. सगळ्यांनाच जमतं असं नाही.

"मी तेच म्हणतो," नेल्सो म्हणाला. हाड चोखत होता. "बाईमाणसानं एकटीनं शेत करायचं म्हणजे अवघडच. मी होतो म्हणून एवढं तरी."

क्लेलियानं त्याच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा वाढला. त्यातल्या त्यात चांगला, बरगडीकडचा.

"खरंच गं मुलींनो," ती म्हणाली. "भाऊजी माझ्यासाठी किती खपले ते तुम्हाला माहीतच नाही. सांगतही नाहीत, लाजतात."

नेल्सो लाजत नव्हता. तो फुलत होता. खुर्चीत मागे टेकला.

"सांगायचं काय त्यात. घरचं काम."

"एकदा दिलं तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं," क्लेलिया म्हणाली. "दुसरा कोणी थांबला असता."

एलिदानं नवऱ्याकडे पाहिलं. टेबलाखाली तिचा पाय हलला हे मला दिसलं. नेल्सोला असले पाय कधी लागत नाहीत.

"हां, दुसऱ्यांदा पण मीच दिलं," तो म्हणाला. "सप्टेंबरात. भर उन्हात, लोक झोपले होते तेव्हा. कोणी सांगितलं नव्हतं की मागितलं नव्हतं. युरिया पण माझ्या पदरचा. मी म्हटलं, एल्मोचं शेत आहे, हात आखडता घ्यायचा नाही."

धाकटी यानिना मान वर करून त्याच्याकडे पाहू लागली. तिचं लहानपण एल्मोच्या ट्रॅक्टरवर गेलेलं. तिनं काटा खाली ठेवला.

"नेल्सोकाका, कुठून गेलात?"

"कुठून म्हणजे?"

"दुसऱ्या वेळी. पिवळ्यावरून की जुन्या चाकोरीवरून?"

"चाकोरीवरून," नेल्सो म्हणाला, आणि तिला अक्कल जरा कमीच आहे अशा प्रेमळ आवाजात पुढे समजावलं, "अगं पोरी, उभ्या गव्हात नवी चाकोरी पाडतं का कोणी? तुझ्या काकाच्या हातून एक काडी मोडली नाही."

यानिना उठली आणि शेताकडे गेली. मारिसाही मागोमाग गेली. आम्ही टेबलावरून पाहत होतो. यानिना पिवळ्या पट्ट्यात उभी राहून हातवारे करत बहिणीला दाखवत होती: हे इथे, ते तिथे, तिथे पुन्हा. नेल्सोनं विचारलं की गोड काही केलंय का.

परत आल्या तेव्हा मारिसाचा आवाज मऊ राहिलेला नव्हता, आणि क्लेलियाच्या चेहऱ्यावर परत आलेला रंग पाहून मला बरं वाटलं. आईला उद्देशून मारिसा म्हणाली, पेरणी तर तू सरळ केलीस, तण नाही, रोग नाही. मग शेत का सोडायचं? अजून एक वर्ष कर. नुसतं खत टाकायला आमच्या पसंतीचा माणूस आण, कोणाला राग आला तर माझं नाव सांग.

नेल्सोला ते आपल्याविषयी आहे असं वाटलं नाही. त्यानं मान डोलावली. म्हणाला, बरोबर आहे, आजकाल चांगला माणूस मिळत नाही. एलिदा उठून भांडी गोळा करायला लागली. ती सगळी तिनं एकटीनं घासली, आम्हाला हात लावू दिला नाही.

गहू निम्मासुद्धा निघाला नाही. शेत क्लेलियाकडे राहिलं.

आता नेल्सो क्लबात सांगतो की मायलेकींचं फिसकटत आलं होतं, एल्मोचं शेत कंपनीच्या घशात जाणार होतं, आणि त्यानं जेवणाच्या टेबलावर चार शब्द बोलून ते वाचवलं. लोक त्याला वर्मुथ पाजतात आणि म्हणतात, पुन्हा सांग नेल्सो, नेमकं काय बोललास. तो पुन्हा सांगतो, शब्दन् शब्द, चाकोरीसकट. लोक हसतात, आणि आपल्या आनंदात सगळे सामील आहेत असं समजून तोही हसतो. एकदा आदेमारनं मला विचारलं, त्याला कोणी खरं का सांगत नाही. मी म्हटलं, तो सांगतो आहे ते खरंच आहे की.