डावीकडे सोडलेली जागा

“बाई, हा फळा आहे. खळं नाही.”

डायरेक्टर मॅडम हे मराठीत म्हणाल्या. हॉलमध्ये आम्ही चौतीस शिक्षक होतो आणि त्यांतल्या चौघींनाच मराठी येतं. म्हणून त्यांनी लगेच तेच हिंदीत सांगितलं. कोणी हसायचं राहू नये म्हणून. कोणी राहिलं नाही.

मी फळ्यापाशी उभी. हातात खडू. फळ्यावर माझ्या हातचा एक सात, आणि त्याच्या डावीकडे एका आकड्याची मोकळी जागा. एवढाच माझा गुन्हा.

माझं वय सत्तेचाळीस. नोकरीची बावीस वर्षं झाली. पहिली नऊ शहरातल्या कोठी भागातल्या मराठी शाळेत. ती मुलं मिळेनात म्हणून बंद झाली. पुढची तेरा तारनाक्याच्या या इंग्रजी शाळेत. मराठी शाळेत मुलं मला बाई म्हणायची. तिथे सगळ्याच बाई. इथे सगळ्या मॅडम. फक्त मी बाई, तेही फक्त डायरेक्टर मॅडमच्या तोंडी. एकदा फाइल द्यायला त्यांच्या बरकतपुऱ्याच्या घरी गेले होते. भांडी घासणारी आणि मी, दोघी एकाच वेळी समोर. “बाई, चहा टाका. बाई, फाइल तिथं ठेवा.” दोन्हीचा सूर एकच.

त्यांच्या घरात तीन पिढ्या वकील आणि मास्तर. आजोबा मराठी शाळेत गणित शिकवायचे. माझे वडील गावची शेती भावांवर सोडून शहरात आले आणि धान्याच्या अडतीत पोती मोजायला लागले. हे मीच एकदा भोळेपणानं त्यांना सांगितलं होतं. खळं तिथून आलं.

या वर्षी शाळेनं गणिताची नवी पुस्तकं घेतली. पुस्तकं चांगली आहेत. राग आहे तरी हे लिहिते, कारण ते खरं आहे. मी दुसरीला शिकवते. सुट्टीत मी दुसरीच्या पुस्तकातलं प्रत्येक गणित स्वतः सोडवलं. दोनशे बारा गणितं. तीन ठिकाणी हे असं का विचारलंय ते कळेना. सोबत शिक्षकांसाठी मार्गदर्शिका आहे. मूल कुठे अडेल, का अडेल, तेव्हा त्याला काय विचारायचं, असं पानोपानी दिलेलं. मला वाटलं, प्रशिक्षणात हेच होईल. आम्ही बसून गणितं सोडवू, एकमेकींच्या चुका बघू. माझी तीन गणितं मी विचारीन.

तसं काही झालं नाही. पहिला दिवस पुस्तकांच्या कंपनीकडून आलेल्या तरुण सरांनी स्लाइड दाखवल्या. छप्पन्न स्लाइड. त्यांत गणित एकही नाही. तासाच्या कुठल्या मिनिटाला कुठलं वाक्य बोलायचं, याचा तक्ता वाटला. दुसरा दिवस शनिवार. प्रत्येकीनं पुढे येऊन चार मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा. डायरेक्टर मॅडम घड्याळ लावून समोर. माझी पाळी अकरावी. संख्या ऐका आणि लिहा.

“ट्वेंटी सेव्हन,” त्या म्हणाल्या.

मी मनात सत्तावीस म्हटलं. शिकवते इंग्रजीत, पण मोजते मराठीतच. सत्तावीस म्हणजे आधी सात, मग वीस. लहानपणी आमच्या मास्तरांनी शिकवलं होतं, जे आधी ऐकू येतं ते आधी लिहा, फक्त डावीकडे जागा सोडा. हात तसाच गेला. सात लिहिला. दोन लिहायला हात डावीकडे नेला. तेवढ्यात खळं आलं.

“पुसा,” त्या म्हणाल्या. “सिक्स्टी फोर.”

कान तापले होते. चौसष्ट. चार लिहिला. जागा सोडायची राहिली. सहा उजवीकडे पडला. सेहेचाळीस.

“मॅडम, ये तो पहली क्लास के बच्चों की ग़लती है,” कंपनीचे सर म्हणाले. त्यांचा मोबाइल उभा धरलेला होता.

“बाई, आता तुम्ही तिथं बसा. पाटी घ्या.”

तिथं म्हणजे दुसरीच्या मुलांचा बाक. नमुन्यासाठी वर्गातून आणून ठेवलेला. मी बसले. गुडघे छातीशी आले. मला वीस संख्या सांगण्यात आल्या. प्रत्येक लिहून झाली की पाटी डोक्यावर धरायची. वीसही बरोबर आल्या. वीसही वेळा टाळ्या वाजल्या. पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरासाठी वाजवतात तशा.

माझ्या मागच्या खुर्चीवर सुलताना होती. तिसरीला शिकवते. वाकून कानाशी म्हणाली, “आपा, रोना नक्को. रोए तो और मज़ा आता इनको.”

मी रडले नाही. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. अठरा सेकंदांचा. खाली डायरेक्टर मॅडमनी लिहिलं होतं, ‘असं शिकवू नका.’ सव्वीस जणांनी हसरे चेहरे टाकले. मी मोजले. नवऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, “पोरीचं कॉलेज संपायला दोन वर्षं आहेत. तेवढी ऐकून घे.”

रविवारी सकाळी मार्गदर्शिका उघडली. पान अडतीस. खाली बारीक अक्षरांत एक चौकट. त्यात लिहिलंय की काही मुलांच्या घरच्या भाषेत एकक आधी बोललं जातं. असं मूल संख्या उलटी लिहील. त्याला कच्चं ठरवू नका. त्याला घरच्या भाषेत संख्या म्हणायला लावा आणि हात कसा चालतो ते पाहा.

हे मी सुट्टीत वाचलं होतं. पेन्सिलीची खूणही माझीच. वाचलं होतं, कळलं नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली जी केली नसती तर बरं झालं असतं. मागच्या वर्षीचे चाचणीचे कागद काढले. आमच्या शाळेत दरवर्षी सुरुवातीच्या चाचणीवरून कच्चा गट निघतो. त्या मुलांना वर्गातच मागे वेगळ्या बाकांवर बसवतात, पुस्तक जुनं देतात. मागच्या वर्षी माझ्या वर्गातून अकरा मुलं दिली होती. अकरा कागद ओळीनं मांडले. आठ जणांच्या संख्या उलट्या. पाच घरी दखनी उर्दू बोलणारी, दोन हिंदी, एक मराठी. तेलुगूत सत्तावीसला इरवै एडु म्हणतात, वीस आधी. त्या आठांत तेलुगू एकही नव्हतं. आठही कागदांवर माझी लाल फुली. यादीखाली माझी सही.

त्या आठांतल्या एका पोरीची आई भेटायला आली होती. तिला मी म्हटलं होतं, “तुम्हारी बच्ची का दिमाग़ उल्टा चलता.”

ती म्हणाली होती, “हमारेच घर का असर है टीचर. हम पढ़े-लिखे नहीं ना.”

आणि मी ‘हाँ’ म्हटलं होतं.

शनिवारी मला ज्या बाकावर बसवलं तो त्या पोरीचा होता. तिला तिथं वर्षभर मी बसवलं होतं. माझ्या वाट्याला अर्धा तास आला.

सोमवार, प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. प्रत्येकीपुढे दोन कागद आले. एक, प्रशिक्षण उत्तम झालं असा अभिप्राय. दुसरा, यंदाचा कच्चा गट. माझ्या वर्गातली नऊ नावं छापून आलेली. खाली सहीची जागा.

सरांनी विचारलं, “एनी क्वेश्चन्स?” आणि लॅपटॉप मिटायला घेतला.

मी उभी राहिले. म्हटलं, “सर, गाइड का पन्ना अड़तीस. नीचे का बॉक्स. छप्पन्न स्लाइड में ये किधर है?”

हॉलमध्ये मार्गदर्शिका तिघींकडेच होती. सर म्हणाले, “वो ऑप्शनल रीडिंग है मॅडम. ट्रेनिंग में कवर नहीं होता.”

“आप पढ़े?”

त्यांनी लॅपटॉप मिटला.

“बाई, खाली बसा.”

“नाही बसणार,” मी म्हटलं. मराठीत. “मॅडम, सत्तावीस. तुमच्या आजोबांनी तुम्हाला कसं लिहायला शिकवलं?”

त्यांचा चेहरा पांढरा झाला. “माझ्या आजोबांचं नाव तुमच्या तोंडून नको.” मग हसल्या. “उद्यापासून तुम्ही वर्ग घ्यायचा नाही. लायब्ररीत बसा. पुस्तकांवर नंबर टाका. सरळ टाकाल ना?”

शेवटचं त्यांनी हिंदीतही सांगितलं. पुन्हा हशा पिकला. मी दोन्ही कागद सही न करता ठेवून हॉलबाहेर आले. माझा वर्ग सुलतानाच्या वर्गाला जोडून दिला आणि यादीवर तिची सही घेतली. तिलाही घर आहे. नऊ पोरं कच्च्या गटात गेली. माझ्या उभं राहण्यानं एकही वाचलं नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते.

आज लायब्ररीत तिसरा आठवडा. मागच्या वर्षीच्या त्या आठांपैकी तीन घरी जाऊन आले. त्या आईच्या घरी पहिल्यांदा. माझं वाक्य परत घेतलं, चूक कुणाची होती ते कागद दाखवून सांगितलं. तिनं पाणी दिलं, माफी दिली नाही. “साल तो गया ना टीचर,” म्हणाली. बरोबर बोलली. पाच घरं राहिली आहेत. तिथेही जाणार.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर लायब्ररीचं दार उघडं ठेवते. टेबलावर मार्गदर्शिका, बाजूला कोरे कागद. पुढच्या आठवड्याचा धडा ज्यांना शिकवायचा आहे त्यांनी आधी इथे बसून स्वतः सोडवायचा, चुकायचं, का चुकलं ते बोलायचं. मोबाइल बाहेर. पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी सुलताना दारापर्यंत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. उद्या तिसरा. कोणी आलं नाही तर मी एकटी सोडवीन.

काढून टाकतील तेव्हा टाकतील. तोवर कुठल्याही पोराला उलटं ठरवणाऱ्या कागदावर माझी सही मिळणार नाही. मला बाई म्हणायचं तर म्हणा. ती हाक ऐकून मी चहा टाकायला उठणार नाही आणि खालीही बसणार नाही.

लायब्ररीत एक जुना फळा आहे. रोज सकाळी आल्या आल्या त्यावर सत्तावीस लिहिते. आधी सात. डावीकडे जागा. मग दोन. संध्याकाळी शिपाई पुसतो.

सकाळी मी पुन्हा लिहिते.