डावीकडून उघडलेलं पुस्तक

मुक्ता नोकरीसाठी बंगळूरला गेली, पण तिची जपानी चित्रकथांची पुस्तकं कपाटातच राहिली. काल धूळ पुसताना त्यातलं एक हातात आलं. शब्द जवळजवळ नव्हतेच, नुसती चित्रं. मी पलंगावर बसून वाचतच गेले.

गोष्ट मोठी नवलाची होती. सुरुवातीला आखूड केसांची एक मुलगी उजाड डोंगरावर एकटीच उभी. मग तोडलेली झाडं एकेक करून उभी राहतात, तिला हसणारे पुरुष मागं मागं जातात, तिचे केस लांब होतात आणि शेवटी ती घरात येऊन जेवणाऱ्या आईशेजारी बसते. वाचून मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी फोनवर सांगितलं, तर मुक्ता हसत सुटली. "अगं आई, ती पुस्तकं उजवीकडून उघडायची असतात! तू शेवटापासून वाचलंस. ती जंगल वाचवायला घर सोडते."

"आणि वाचतं का गं?"

"नाही. पण ती तिथंच राहते."

फोन ठेवून खिडकीशी गेले. सोसायटीनं पार्किंगसाठी पाडलेल्या बदामाचा बुंधा अजून तिथंच आहे. झाड तोडायला माणसं आली त्या दिवशी मुक्ता त्याला पाठ टेकून एकटी उभी होती. "मुलीच्या जातीला शोभतं का हे?" असं कुणीतरी म्हणालं, आणि मी वरूनच हाक मारली होती, "चल, जेवायला ये."

आज पुस्तक उजवीकडून उघडलं. पहिल्याच पानावर मुलगी ताटावरून उठते, दाराबाहेर पडते.

आई जेवत राहते.