धाकटीचं अर्धं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे.

खंडाळ्याकडं आमचं गाव. घरटी एक फौजी. आमच्या घरचा फौजी म्हणजे माझा दीर. माझे मालक भरतीला दोनदा धावले, दोनदा मागं पडले. आता महाबळेश्वरला टॅक्सी चालवतात. मी थोरली जाऊ, पण हळदीकुंकवात पहिलं कुंकू धाकटीला. फौजीची बायको ना! मी जळत होते. खोटं कशाला बोलू — तिच्या काळजीचासुद्धा मला हेवा वाटायचा. लोक तिला विचारायचे, "काय खबर?" मला कोण काय विचारणार?

लढाई पेटली तेव्हा उन्हाळा होता. ओसरीवर आम्ही सात-आठ बायका पापड लाटत होतो. माझ्या मोबाइलवर व्हिडिओ आला — ड्रोनमधून काढलेला. शत्रूचा एक सैनिक उघड्या रानात पळतोय, आणि मग नुसता धूर. "मुडदा बशिवला मेल्याचा!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. मी मोबाइल डब्याला टेकवून पुन्हा लावला. पुन्हा टाळ्या.

धाकटीचं लाटणं थांबलं होतं. माझ्या कानाशी येऊन, मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "आवं ताई, बंद करा. आमचं मालक बी आसंच पळत असत्याल. मला त्यात मालकच दिसलं."

मग मी काय केलं? — तिसऱ्यांदा लावला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं आणि मला बरं वाटलं. त्या माणसाच्या मरणानं नव्हे, तिच्या तोंडानं.

तिथंच थांबायचं होतं. नाही थांबले. संध्याकाळी गिरणीत दळण घेऊन गेले आणि तिचं बोलणं सांगितलं — शेवटचं तेवढंच. "आमच्या धाकटीला दुश्मनात मालक दिसत्यात, बाई!" हसत हसत, थट्टेनं. गावात थट्टा थट्टाच राहते का?

आठवड्यानं देवळात फौजींच्या बायकांच्या ओट्या भरल्या. तिला बोलावणं आलं नाही. तबक धरायला मला बोलावलं — मी गेले. नवी साडी नेसून गेले.

पुढं दीर रजेवर आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतंच. माझ्यासमोर त्यांनी तिला विचारलं, "तू आसं म्हनलीस व्हय गं?"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय, म्हनले."

आधीचं अर्धं वाक्य मला ठाऊक होतं. तिच्याशिवाय फक्त मलाच. मी चहा गाळत राहिले. दीर रजाभर तिच्याशी धड बोलले नाहीत, आणि तसेच ड्युटीवर परत गेले.

अजून एक राहिलं. व्हिडिओतला तो माणूस पळताना एकदा मागं वळून बघतो. दुसऱ्यांदा लावला तेव्हाच मला ते दिसलं होतं — हा कुणाचा तरी मालक आहे, हे धाकटीच्या आधी माझ्या मनात आलं होतं. त्या वेळच्या टाळ्या मीच सुरू केल्या.