देजाच्या बैठकीत मिटलेले डोळे

मी बैलांचा दलाल. बाप दुसऱ्यांच्या गाडीवर ऊस वाहायचा. मी एका लंगड्या बैलापासून सुरुवात केली, आणि आता नवापूरकडच्या बाजारात मोठा सौदा सहसा माझ्याशिवाय होत नाही. हे सगळं मी माझ्या अकलेवर मिळवलं, असं चर्चमध्येही बोलून दाखवायचो. पाळकसाहेब म्हणायचे, "भाऊ, थोडं श्रेय देवालाही द्या." मी म्हणायचो, "त्यानं मागितलं तर बघू."

माझं हत्यार एकच, उठून जाणं. भाव जमला नाही की मी चपला घालतो आणि मागं न बघता चालू लागतो. दहा पावलांच्या आत हाक येते. बाजारातला एक म्हातारा खानदेशी व्यापारी म्हणतो, "तू उठना की सौदा व्हयनाच समज," म्हणजे झालाच समज.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका माणसावर माझा राग आहे. 'होता' असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? नऊ वर्षांपूर्वी चर्चचे पंच निवडताना माझं नाव निघालं, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "याला पंच केलं तर हा देवाच्या घरातही बैलाचा भाव करेल." सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. त्या दिवसापासून मी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला त्याच्या बाकावर बसलो नाही.

त्याच माणसाच्या मुलासाठी माझ्या मुलीला मागणी आली. मुलगी परिचारिका आहे आणि मुलगा त्याच दवाखान्यात औषधं देतो. मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला पसंत आहे. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढं जाणार नाही." मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर माझं काम सोपं झालं असतं. मी मोठ्या तोंडानं म्हणालो, "प्रार्थना करू. देवाची इच्छा असेल तर होईल."

आणि मनात सगळं आधीच ठरवून टाकलं. आमच्यात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. मंडळीनं ते थोडकंच ठेवायचं ठरवलंय, पण तसं बंधन कुणावर नाही. मी असा आकडा मागणार होतो, की त्यांना पेलणारच नाही. बैठक मोडेल, मी उठेन, आणि घरी येऊन मुलीला सांगेन, देवाची इच्छा नव्हती. नकार मी देणार होतो आणि नाव देवाचं घेणार होतो. तीन आठवडे रोज सकाळी गुडघे टेकून मी देवाला हेच समजावत होतो, की मुलगा फार मऊ आहे, घर लहान आहे, बाप उद्धट आहे. एकदा बायकोनं ऐकलं. म्हणाली, "ही प्रार्थना म्हणायची की बाजार?" मी तिच्यावर ओरडलो.

बैठक माझ्याच घरी, दुपारी. पूर्वी अशा वेळी मोहाची दारू फिरायची. आता चहा आणि गूळ फिरतो. दोन्हीकडचे पुरुष चटईवर, मध्ये पाळकसाहेब. मी आकडा सांगितला.

कुणीतरी कपबशी खाली ठेवली. मुलाचे काका म्हणाले, "भाऊ, मुलगी देताय की नवापूर विकताय?" सगळे हसले. ते हसणं ऐकून माझ्या कानामागं आग लागली.

"परवडत नसेल तर उठा," मी म्हणालो.

"घर तुमचं आहे," मुलाचा बाप शांतपणे म्हणाला. "आम्ही उठलो तर जाऊ. तुम्ही उठून कुठं जाणार?"

मी उठलोच. ताडकन. दारातून चपला घेतल्या. तेवढ्यात मागून पाळकसाहेबांचा आवाज आला, "भावांनो, प्रार्थना करू या." आमच्यात वाद तापला की हेच होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले.

मी उंबऱ्यात, हातात चपला. प्रार्थना चालू असताना बाहेर जाणं आमच्यात कुणी करत नाही, आणि माझ्याकडे बघत कुणीच नव्हतं. हाक कोण मारणार? पाळकसाहेबांची प्रार्थना लांब असते. मी तसाच उभा राहून एकेकाचा चेहरा पाहत राहिलो. माझा वैरी ओठ हलवत होता. त्याच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. मग मी स्वयंपाकघराकडं पाहिलं. मुलीचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडंच बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. मी जे करेन ते ती खरोखर मान्य करणार होती. मी देवाचं नाव घेतलं असतं, तर तेही तिनं खरं मानलं असतं.

आयुष्यात इतकी माणसं, इतकी जनावरं पारखली, पण त्या क्षणी मला माझ्याच पारखेची भीती वाटली. ती पारख नव्हती, नऊ वर्षांचा राग होता. मी त्यालाच अक्कल म्हणत आलो होतो. मी मनात एवढंच म्हणालो, "देवा, मला कळत नाही." तीन आठवड्यांत त्याला सांगितलेलं पहिलं खरं वाक्य.

चपला ठेवल्या. आवाज न करता येऊन बसलो. आमेन झालं.

"हं, भाऊ?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी आकडा मागं घेतो. तुम्ही सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

काका पुटपुटले, "याला ताप आलाय." पाळकसाहेबांनी मंडळीत ठरलं होतं तेवढंच सांगितलं. मुलाचा बाप म्हणाला, "तेवढं देऊच. आणि एक गाय. माझ्याकडून, मुलीसाठी."

गाय कितव्या वेताची, दूध किती, कास कशी, लाथ मारते का, हे विचारायला माझी जीभ वळवळली. त्या माणसाचा मला अजूनही राग येत होता. त्याच्या तोंडून एक गोष्ट फुकट घ्यायची, आणि तीही न बघता.

मी म्हणालो, "चालेल."

मुलगी गुळाची वाटी घेऊन आली. पहिला खडा तिनं मला दिला, दुसरा मुलाच्या बापाला. दोघांनी एकाच वेळी तोंडात टाकला. आम्ही दोघं चावत राहिलो.