अंबाडीचे चार तास

आमच्याकडे शेतातल्या पिकाच्या ओळीला तास म्हणतात. पुण्याहून शिकवायला आलेल्या आमच्या सरांना हे ठाऊक नव्हतं. "अंबाडीचे चार तास शेतात उभे आहेत," असं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मला हसू आवरेना आणि ते रागावले. आमच्या प्रयोगाची सुरुवात अशी झाली.

मी तेव्हा बुलढाण्याला वसतिगृहात राहून औषधनिर्माणशास्त्रात पुढचं शिक्षण घेत होते. शेवटच्या वर्षाला एक प्रयोग करावा लागे. सरांनी विषय दिला तो असा: पांढऱ्या उंदरांना भरपूर वनस्पती तूप चारायचं, त्यातल्या काहींना सोबत पालेभाजी द्यायची, आणि तुपाने होणारं नुकसान भाजी थोपवते का ते पाहायचं. बाकी मुलं पालक, मेथी म्हणाली. मी अंबाडी म्हटलं. सरांनी नाक मुरडलं, "ती आंबट भाजी?" त्यांनी नाक मुरडलं नसतं तर मीही कदाचित मेथीवर भागवलं असतं. पण मग मी हट्टालाच पेटले.

आमचं शेत संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पूर्वी कपाशी म्हटली की सोबत अंबाडी असायचीच. बीटी बियाणं आलं आणि लोकांना इंचभर जागाही कपाशीशिवाय नकोशी झाली. त्या बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचं एक छोटं पाकीट मिळायचं, कडेने पेरण्यासाठी. ते कोणीच पेरत नसे. आमच्या घरात ते फळीवर पडून राही आणि त्या कडेच्या जागेत, धुऱ्यालगत म्हणजे बांधाला लागून, आई अंबाडी पेरून मोकळी व्हायची. दरवर्षी बाबा त्यावरून दोन शब्द बोलायचे. दरवर्षी तीच भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाच्या फोडणीचं तेल ओतून, ते दोनदा मागून घ्यायचे. कपाशीवर फवारा मारला की अंबाडीही भिजायची. आई ती जरा जास्त पाण्याने धुवायची, एवढंच.

प्रयोग घरी समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. शेवटी मी म्हटलं, जास्त तूप खाल्लं की अंगातली चरबी आतल्या आत खवट व्हायला लागते. आईला खवट हा शब्द लगेच पोचला, कारण खवट झालेल्या तेलावरून ती किराणा दुकानदाराशी नेहमी भांडत असे. अंबाडी तो खवटपणा अडवते का, एवढंच बघायचं आहे, असं मी सांगितलं. नाहीच अडवला तर काय, असं तिनं विचारलं. तर तसं लिहायचं, मी म्हटलं, पण पाला मात्र हवाच.

माझं सगळंच त्या पाल्यावर अडलेलं होतं. अंबाडीचा कोवळा पाला पावसाळ्यातच मिळतो. हा हंगाम गेला की प्रयोग वर्षभर पुढे, आणि बाबांनी वसतिगृहाची दोनच वर्षं कबूल केली होती. माझ्यानंतर धाकट्या भावाची पाळी होती. यंदा पाला मिळाला नाही तर पदवी नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

श्रावणात आईने वाळवलेला पाला एसटीने पाठवला. पिशवी उघडली तर पाला पिवळाधमक. जिभेला लावून पाहिला तर खारट. उन्हाळ्यासाठी भाज्या वाळवतात तसा तिनं मीठहळद चोळून वाळवला होता. मी गावातल्या दुकानात फोन लावून तिला बोलावून घेतलं आणि भडाभडा बोलले. ती शांतपणे म्हणाली, "उंदीर झाले म्हनून काय अळनी खातीन?"

फोन ठेवल्यावर मी आधी हसले आणि मग तिथेच रडले. मीठहळदीचा पाला प्रयोगाला चालणार नव्हता. ती माया होती, पण ती उंदरांना घालून मी निष्कर्ष काय काढणार?

पोळ्याला घरी गेले. अंबाडीचे शेंडे खुडलेले होते, नवा पाला फुटायला थोडे दिवस हवे होते. आणि नेमके त्याच वेळी कपाशीवर तुडतुडे आले. बीटीमुळे बोंडअळी आटोक्यात होती, पण तुडतुड्यांना बीटीचं काही सोयरसुतक नव्हतं. पानांच्या कडा लाल होऊन वळत होत्या. बाबांनी पंप धुऊन ठेवला होता. आमच्याकडे फवाऱ्यालाही औषधच म्हणतात. मीही औषधंच शिकत होते, आणि त्या एका शब्दानं मला तेव्हा फार छळलं. कारण ते औषध वाऱ्याने अंबाडीवर आलं असतं तर उंदराला तुपानं काय झालं आणि फवाऱ्यानं काय झालं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. वाऱ्याने औषध किती लांब जातं, एवढंच त्यांनी विचारलं. बाजूची बरीच कपाशी सोडावी लागेल, मी म्हटलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. आपण काय मागतोय हे मला कळत होतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं कशी होती हे आमच्या वसतिगृहातल्या कुणालाही विचारा. एखाद्या मुलीला घरून फोन आला की तिचं बोलणं संपेपर्यंत आख्ख्या व्हरांड्यात कुणी बोलत नसे. पिकावर फवारा मारायचा नाही, असं बापाला सांगण्याची ती वेळ नव्हती. मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, राहू द्या बाबा, बाजारातून पालक घेते, सर चालवून घेतील.

"बाजारातल्या पालकावर औषध नसते का?" बाबा म्हणाले. आणि ताटावरून उठता उठता, "मारीन. पन तुह्या बाजूनं नाई मारत."

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या चाचांकडे गेले. चाचांचं शेत धुऱ्याला लागूनच, आणि त्या दिवसांत वारा त्यांच्याकडून आमच्याकडे यायचा. बाबा कुणाच्या दारात काही मागायला गेल्याचं मला आठवत नाही. मी मागे उभी होते. माझ्या पोरीच्या उंदरांसाठी फवारा थांबवता का, हे वाक्य त्यांना जमेना. शेवटी मीच बोलले. चाचा आधी पोटभर हसले. सारा गाव उंदीर मारायला औषध आणतो आणि तुम्ही बापलेक उंदीर जगवायला निघालात, असं काहीसं म्हणाले. आमच्याच कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागे बाबांनी उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवल्या होत्या, तेव्हा त्यांच्या हसण्याला आमचा नाइलाज होता.

मग ते बाबांना म्हणाले, "वारा तुमच्याकडून माह्याकडे फिरला का मंग मारतो. पोरीची पढाई पह्यले."

आणि ते थांबले. रोज सकाळी धुऱ्यावर उभे राहून वाळल्या मातीची चिमूट हवेत सोडून वारा बघायचे. आमची अंबाडीकडची कपाशी मात्र लाल पडत गेली. बाबा त्या बाजूला फारसे जातच नसत. गावातले लोक विचारत, तिकडं काऊन सोडलं? बाबा म्हणायचे, ते पोरीचे तास आहेत.

पाला फुटला. आईनं तो ओटीत खुडला, जुन्या लुगड्यावर सावलीत वाळवला आणि पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली, चिमूटभरही मीठ टाकलेलं नाही, चाखून घे. मी खरंच चाखला. तिला राग आला नाही.

उंदरांना मी कित्येक आठवडे रोज माझ्या हातानं खायला घातलं. तूपवाले हळूहळू गुबगुबीत आणि सुस्त झाले. त्यांचा मला लळा लागला होता, आणि शेवटी त्यांचं काय करायचं असतं हेही ठाऊक होतं. ते करायचा दिवस आला तेव्हा मी जेवले नाही. नुसतं तूप खाल्लेल्यांची यकृतं फिकट पिवळी, हाताला तेलकट लागणारी. अंबाडी खाल्लेल्यांची अगदी निरोगी नव्हती, पण लालीकडे झुकलेली. मग खवटपणाची तपासणी. तिच्यात नळीतलं पाणी गुलाबी होतं, आणि जितका खवटपणा जास्त तितका रंग गडद. तूपवाल्यांच्या नळ्या गर्द गुलाबी झाल्या. अंबाडीवाल्यांच्या फिक्या, अगदी फिक्या. मी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या आणि मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन सरांना बोलावून आणलं. सरांनी सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच आलं.

"हे उंदीर आहेत, तेही थोडेच," सर म्हणाले. "माणसाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही." मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ती भाजी नक्की करतात कशी? कण्या, डाळ आणि वरून तेल, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला मी त्यांना डबा आणला. त्यांनी तो पुसून खाल्ला.

पदवी मिळाली आणि शेगावला औषधाच्या दुकानात नोकरीही लागली. पुढच्या मृगात घरी गेले तेव्हा पेरणी चालू होती. बाबांनी धुऱ्यालगत अंबाडीसाठी भलीमोठी पट्टी सोडली होती, पहिल्या चार तासांच्या दुपटीहून जास्त. पलीकडे चाचांनीही तेवढीच सोडलेली. मला वाटलं, माझ्यासाठीच चाललंय हे. मी म्हटलं, बाबा, माझं शिक्षण झालं, आता पाला नको मला. या तासांत खुशाल कपाशी लावा, औषध मारा.

बाबांनी हातातलं बियाणं खाली ठेवलं.

"उंदराले बिनऔषधाची लागते," ते म्हणाले, "मंग आपन काऊन औषधाची खावी?"

इतकी वर्षं आई ती भाजी जरा जास्त पाण्याने धुवत आली होती आणि मी ती मागून मागून खात आले होते. मी चपला काढून बांधावर ठेवल्या, बाबांनी खाली ठेवलेलं अंबाडीचं बी उचललं आणि पहिल्या तासाला लागले.