टपावरचा अंगठा

आताशा सकाळी फोन वाजला की नाव बघण्याआधीच मनात उजळणी सुरू होते... कोण आजारी होतं, कोणाला दवाखान्यात ठेवलं होतं. वयच तसं आहे. दीड महिन्यापूर्वीच्या त्या शुक्रवारी मात्र शीलावहिनींचं नाव दिसलं आणि उजळणीची गरज उरली नाही. "बाबू, गेले हे," एवढंच त्या म्हणाल्या. "निघतो," एवढंच मी म्हणालो. भंडाऱ्याहून वरठी काही लांब नाही. शेअर ऑटोत बसलो, गुडघ्यांवर हात ठेवले आणि वाटलं, या रस्त्यानं जायला आता दुसरं कारणच उरणार नाही. रडू आलं नाही, नुसतं थकल्यासारखं झालं. ते थकणं अजून गेलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

शीलावहिनींचा नवरा धनराज माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. वरठीच्या कारखान्यात फिटर होता. मी तिथल्याच रेल्वे स्टेशनवर पार्सल क्लार्क. आमची ओळख एका खोक्यावरून झाली. मुंबईहून त्याच्या नावानं एक हलकं पार्सल आलं होतं. आत काहीतरी खुळखुळत होतं, म्हणून मी ते कानाशी धरून हलवून पाहत होतो, तेवढ्यात कारखान्याच्या निळ्या कपड्यांतला एक सडपातळ माणूस खिडकीत हात घालून ओरडला, "हलवू नका साहेब, हलवू नका! आरसे तुटतीन!"

"आहे काय याच्यात?"

"मोटार."

"एवढ्याशा डब्यात?"

"बांधाची आहे," तो म्हणाला. आपण घर बांधायचं म्हणतो, तितक्याच गंभीरपणे. सही करून त्यानं तिथेच बाकावर खोकं उघडलं. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो बारीक भाग होते. दारं, बंपर, नखाएवढे दिवे. झाकणावर जुन्या काळच्या गोल पाठीच्या परदेशी मोटारीचं चित्र होतं. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी ती होणार होती. एकही भाग मोडला नाही याची खात्री होईपर्यंत त्यानं माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मग म्हणाला, "बांधतो तेव्हा पाहाले या, पार्सलबाबू." त्या दिवसापासून माझं खरं नाव त्याच्या घरी कोणी घेतलं नाही.

मी गेलो, आणि पहिल्याच रविवारी घोळ घातला. त्यानं मला मोटारीचा टप नुसता धरायला दिला होता. या प्लास्टिकचं सोल्यूशन आपल्या डिंकासारखं नसतं. ते प्लास्टिकलाच वितळवतं आणि दोन तुकडे एकमेकांत मुरतात. सांध्यातून एक थेंब ओघळून माझ्या बोटाखाली गेला, मला कळलं नाही, मी आपला जीव लावून दाबत राहिलो. अंगठा उचलला तेव्हा टपाच्या मधोमध माझा ठसा उमटला होता, एक रेघ इकडची तिकडे नाही. धनराजनं टप उजेडात धरून पाहिला. मग म्हणाला, "एवढं काहून दाबून राहिले गा? मोटार आहे, लिंबू नाही." मी ओशाळलो. तर म्हणाला, "निघते. पन आता पुसलं का पसरते. आठ दिवस हात नाही लावाचा. पुरं सुकू द्याचं, मंग घासाचं." या कामातला हा त्याचा पहिला नियम. ठसा दिसला की आठ दिवस सुकवायचा आणि बारीक पॉलिश पेपरनं पाणी लावून घासायचा. कारण वर कितीही रंग दिला तरी खालच्या रेघा तिरप्या उजेडात दिसतातच.

पंधरा दिवसांनी मी भीत भीत विचारलं. "घासला न! कवाचाच," तो म्हणाला आणि शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर बोट दाखवलं. पांढरीशुभ्र मोटार तिथे नाक पुढे करून उभी होती. मी उंचीला बेताचा, खालून मला तिचे दिवे आणि जाळी तेवढी दिसली. जीव भांड्यात पडला. त्यानंतर त्यानं मला अंगठेबहाद्दर म्हणायला सुरुवात केली आणि सोल्यूशनजवळ कधी फिरकू दिलं नाही. माझ्याकडे तीन कामं आली. डबा उघडला की भाग मोजायचे, नकाशाच्या कागदावर झालेल्या पायऱ्यांवर खूण करायची आणि शेवटी ब्रश धुवायचे. माणसं आयुष्यात काय काय करतात... मी तीस वर्षं दुसऱ्याचे ब्रश धुतले, आणि आज सांगतो, मला ते फार आवडत होतं.

त्याचा हा नाद वरठीत कोणी फारसा मनावर घेतला नाही. कारखान्यातले हसायचे, "रामभाऊचा पोरगा अजून खेळन्याशीच खेळून राहिला," म्हणायचे. रामभाऊ म्हणजे त्याचे वडील. वहिनी सुरुवातीला चिडायच्या, कारण ड्युटीवरून आल्यावर चहा निवेपर्यंत हा चिमट्यानं स्टिअरिंग बसवत असायचा. पुढे त्यांनीही सोडून दिलं. शोकेस भरत गेलं आणि त्याहून जास्त पलंगाखालची जागा भरत गेली, कारण जुन्या गाडीचा डबा कुठे मिळतो आहे असं कळलं की तो घेऊन ठेवायचा. बांधायचं नंतर. "रिटायर झाल्यावर टाइमच टाइम आहे, बाबू," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. तो रिटायर झाला आणि दोन वर्षांत त्याच्या किडन्यांनी हात टेकले.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आजाराबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. एक गोष्ट मात्र झाली. त्यानं पलंगाखालचे सगळे डबे विसरून एकच काम हाती घेतलं, वडिलांचा ट्रक. रामभाऊ अड्याळच्या एका राइस मिलवर ट्रक चालवायचे. लांब नाकाचा, लाकडी फळ्यांच्या डाल्याचा, म्हणजे मागच्या हौद्याचा. धनराज लहानपणी त्याच्या केबिनमध्ये बसून धानाच्या पोत्यांबरोबर हिंडला होता. वडील लवकर गेले, ट्रक विकला गेला, त्याचा एकही फोटो नाही. वडिलांचा तेवढा एक आहे, भिंतीवर, पासपोर्ट साइजच्या फोटोवरून मोठा केलेला. त्या फोटोखाली ट्रक ठेवायचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "बुढा नुसता मुंडकं घेऊन बसला आहे भिंतीवर," तो म्हणायचा, "त्याची गाडी त्याच्यापाशी पायजे." एका परदेशी ट्रकचा डबा त्यानं कापून, जोडून, आठवणीच्या मापानं बदलायला घेतला. डाल्याच्या फळ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या केल्या. केबिनच्या आरशाला लटकवायला निळा गोंडा हवा होता, तो वहिनींच्या साडीच्या काठातला धागा ओढून झाला.

अडलं ते रंगावर. लाल होता हे नक्की, पण कोणता लाल? मग प्लास्टिकच्या सहा तुकड्यांना सहा लाल लावून, ते खिशात घालून आम्ही दोघं अड्याळला गेलो. त्याच्या हाताला सुईचं बँडेज, माझ्या गुडघ्याला पट्टा. बाजारात मिलच्या काळातली म्हातारी माणसं शोधली. चौघांनी चार वेगळे तुकडे उचलले आणि आपापसात भांडायला लागले. पाचवा होता पंक्चरवाला. त्यानं सहाही तुकडे परत केले आणि म्हणाला, "लाल होता, पन धुळीचा होता. रामभाऊ गाडी धुवे कवा?" धनराज इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. आजारपणातलं त्याचं तेवढं एक हसणं मला आठवतं. घरी येऊन त्यानं विटकरी लालात थोडा मातकट रंग मिसळला आणि तोच कायम केला.

शेवटची भेट मंगळवारची. आदल्याच दिवशी डायलिसिस झालं होतं, बोटांना मुंग्या आल्या होत्या, तरी टेबलाशी बसला होता. चाकं, डाला, इंजिन सगळं तयार. त्या दिवशी केबिनवर टप चढवला. मी गेलो तेव्हा त्यानं ट्रक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "पाहा बाबू. मी बी अंगठेबहाद्दर झालो." टपाच्या डाव्या बाजूला त्याचा अंगठा उमटला होता. आयुष्यभरात पहिला. बोटांना कळलंच नाही, म्हणाला. मी म्हटलं, "सुकू दे, आठ दिवसांनी घासू." "हो," तो म्हणाला, "घासाचंच आहे." मी ब्रश धुतले आणि निघालो. शुक्रवारी सकाळी तो फोन आला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, वहिनींनी मला त्या टेबलापाशी नेलं. "बाबू, थो ट्रक तेवढा पुरा करून द्या. बाकीच्या डब्याचं मी आन पल्लवी पाहून घेऊ." पल्लवी त्यांची मुलगी, नागपूरला नर्स आहे. "मले हात लावाची भीती वाटते." भीती मलाही वाटत होती. ज्याला तीस वर्षं सोल्यूशनजवळ येऊ दिलं नाही त्याच्या हाती हा ट्रक. बिघडला तर दुसरा होणार नव्हता, कारण ज्याच्या आठवणीतून तो आला होता तो माणूसच गेला होता. पण नाही म्हणवेना. ट्रक बुटाच्या खोक्यात, कापसात घालून भंडाऱ्याला आणला.

चार आठवडे लागले. भिंगाखाली, रोज तासभर, हात थकला की बंद. समोरची काच बसवली, दिवे बसवले. सगळं त्याच्याच शिस्तीनं केलं. आधी हात धुतले, भाग मोजले, कागदावर खुणा केल्या. आणि त्याच शिस्तीनं टपावरचा ठसा घासला. आठ दिवस केव्हाच उलटले होते. पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि गोल गोल, हलक्या हातानं, टप आरशासारखा होईपर्यंत घासत बसलो. मला आठवतं, काम झाल्यावर मी टप उजेडात तिरपा धरला आणि स्वतःवर खूष झालो. वाटलं, धनराजनं पाहिलं असतं तर सोल्यूशनची बाटली माझ्या हातात दिली असती. मग त्याचा तो धुळकट लाल चढवला. तीन हात दिले.

गेल्या रविवारी ट्रक घेऊन वरठीला गेलो. वहिनींनी तो दोन्ही हातांत घेतला, निळा गोंडा पाहिला, त्यांचे डोळे भरून आले. मग खिडकीपाशी जाऊन त्यांनी ट्रक तिरपा केला. एकदा, दोनदा. टपावरून बोट फिरवलं.

"बाबू, इथं यांचा अंगठा होता न? मले दाखवला होता."

"घासला, वहिनी," मी म्हणालो. "घासाचाच असते."

त्यांनी ट्रक पुन्हा सरळ केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खुर्चीत बसलो तो बसलोच. त्याचे कपडे वाटले गेले होते, चष्मा पल्लवीनं नेला होता, आणि जिथे त्याचा हात जसाच्या तसा राहिला होता तेवढी जागा मी चार दिवस बसून, पाणी लावून, निगुतीनं पुसून टाकली होती. नियम त्याचाच होता. पण नियम करणारा गेल्यावर नियम तसाच पाळायचा नसतो, हे मला कळायला हवं होतं. एवढं वय होऊन कळलं नाही.

वहिनींनी ट्रक रामभाऊंच्या फोटोखाली ठेवला. शेजारी आता धनराजचाही फोटो आहे. मग त्यांनी प्लास्टिकची खुर्ची शोकेसला लावली, माझं "राहू द्या, पडाल" न ऐकता चढल्या आणि वरच्या फळीवरून ती पहिली पांढरी मोटार काढली.

"हे धरा," त्या म्हणाल्या. "दरसाली शोकेस पुसाले घेतलं का हे मले सांगत, तिच्या टपावर जोर नको देजो, पार्सलबाबूचा अंगठा आहे."

मी चष्मा कपाळावर चढवला आणि मोटार खिडकीकडे तिरपी धरली. पांढऱ्या रंगाखाली एक एक रेघ दिसत होती. अंगठा त्यावर ठेवून पाहिला, तीस वर्षांनीही बसला. घासला न, कवाचाच, असं तो मला म्हणाला होता, आणि मला दिसू नये म्हणून ती त्यानं कायम वरच्या फळीवर ठेवली. माझा अंगठा त्यानं जपला, आणि घासला म्हणून खोटं सांगितलं. मी त्याचा खरोखर घासला.