झाकणावरचे निखारे

पातेल्याच्या झाकणावर ठेवलेले निखारे वाऱ्याची झुळूक आली की लाल होतात आणि पुन्हा राख पांघरून बसतात. चुलीसमोर बसून तासभर मी तेच बघतो आहे. आत काकडीचं धोंडस भाजतं आहे. काकडी, रवा, गूळ, नारळ. आमच्या कोकणातला केकच म्हणा, फक्त नखरे नाहीत. निखारे खाली थोडे आणि झाकणावर जास्त ठेवायचे, झाकण मध्येच उघडायचं नाही. झालं की नाही, हे वासावरून ओळखायचं.

इतकी वर्षं ते बायकोच ओळखायची. अंगणात कपडे वाळत घालता घालता तिथूनच म्हणायची, "अहो, चुलीवरचं उतरवा." उन्हाळ्यात तिला जबर ताप आला आणि तिला वास कळेनासा झाला. तेव्हापासून ती चुलीकडे फिरकलीच नाही. आज मीच हट्टाने हा घाट घातला. ती शेजारी पाटावर बसून आहे.

आत काय चाललंय ते चूल दाखवत नाही. विस्तव नीट ठेवायचा आणि वाट बघायची. माणसाच्या दुखण्याचंही तसंच असावं. बाहेरून नुसती राख दिसते.

"अहो," तिने एकदम मान वर केली, "खाली किती विस्तव घातलात? करपतंय की!"

मी घाईघाईने झाकण उचललं. कडा चांगल्याच काळ्या पडल्या होत्या. मला तर अजून कसलाच वास आला नव्हता.